नेहमीप्रमाणे टोकन घ्या

आमच्या कोथरूडात पत्ता सांगायची एक रीत आहे. "सरळ या, चिंचेपाशी डावीकडे वळा, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिच्यासमोरचा बोळ." चिंच रस्तारुंदीत जाऊन वीस वर्षं झाली. गिरणीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण सांगणाऱ्याला दोन्ही रोज दिसतात. पाहुणा घामाघूम होऊन चौथ्यांदा फोन करतो, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत होतं, की पाहुणा जरा बावळटच आहे.

मी गेली अठरा वर्षं असा पाहुणा होण्याचे पैसे घेतो. धंद्यात त्याला इंटिग्रेशन म्हणतात. एका कंपनीनं बनवलेली डिजिटल सोय दुसऱ्याच्या वेबसाइटला जोडून द्यायची. पैसे भरण्याची असेल, एसएमएसची असेल, नकाशाची असेल. त्यासाठी या कंपन्या आमच्यासारख्यांना एक दार ठेवतात, त्याला एपीआय म्हणतात. दार म्हटलं तरी ते मागचं. पुढच्या अंगाला गिऱ्हाइकासाठी गादी, पंखा, थंड पाण्याचा पेला. मागे घाऊक माल न्यायला आलेल्या पोरासाठी फुटका हौद, दोन कुत्री आणि "शेठ जेवायला गेलेत". मागच्या दारी झाडलोट कोण करणार? तिकडून मालकाचे पाहुणे येत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या एक काकू दिवाळीचा फराळ करून परदेशी पाठवतात. पोरं न्यू जर्सीत आणि चकलीचा सोऱ्या कोथरूडात, अशी घरं या भागात पुष्कळ असल्यामुळे धंदा बरा चालतो. गेल्या वर्षापर्यंत काकू दोनशे पुडक्यांचे पत्ते कुरिअरच्या फॉर्मवर हातानं लिहायच्या. या वर्षी गणपती उठल्यावर त्यांनी मला बोलावलं. "वेबसाइटवर ऑर्डर आली की कुरिअरचं बुकिंग आपलं आपण व्हायला हवं. किती दिवस लागतील रे?" मी तिथेच कुरिअर कंपनीचं पान उघडलं. लॅपटॉपकडे बघून हसणाऱ्या एका तरुणाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'अवघ्या काही मिनिटांत इंटिग्रेशन'. मी सावधगिरी म्हणून मिनिटांचे दिवस केले आणि म्हटलं, "दोन दिवस, काकू." हे वाक्य मी याआधीही अनेकांना ऐकवलंय आणि ते एकदाही खरं ठरलेलं नाही. पण तोंडात ताजी चकली असताना माणूस आशावादी असतो.

कंपनीचं नाव सांगत नाही. बाकीच्यांना उगाच निर्दोष ठरवल्यासारखं होईल.

पहिले तीन दिवस किल्ली मिळवण्यात गेले. किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांची एक ओळ. ती दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. फॉर्म भरला, तर विक्री विभागातून फोन आला. "सर, महिन्याला व्हॉल्यूम किती असेल?" मी म्हटलं, "अकरा महिने शून्य, बाराव्यात दोनशे." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग "वरिष्ठांशी बोलून कळवतो." माझं म्हणणं एवढंच, की आधी एकदा आत डोकावू द्या. त्यांचा हट्ट, की आधी याद्या आणि मानपान, मग स्थळ दाखवू.

किल्लीसोबत डॉक्युमेंटेशन आलं. चौसष्ट पानांची पीडीएफ. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द दोनदा होता, त्यावरूनच ती शेवटची नाही हे कळलं. पहिल्या नऊ पानांत कंपनीचं स्वप्न होतं. दहाव्यावर नमुन्याचा कोड होता, पण तो स्क्रीनचा फोटो काढून चिकटवलेला, म्हणजे बघून बघून हातानं उतरवून काढायचा. अकराव्यावर खरी अक्षरं होती. ती मी उचलून आणली, तर चालेनात. दीड तासानं कारण सापडलं. लिहिणाऱ्यानं ते वर्डमध्ये लिहिलं होतं आणि वर्डनं सरळ उभी अवतरणचिन्हं छान वळणदार करून ठेवली होती. माणसाला ती सुंदर दिसतात. कॉम्प्युटरला ती अवतरणचिन्हंच वाटत नाहीत.

उरलेल्या पानांत वाक्यं अशी: 'योग्य तो सेवा-संकेतांक द्यावा.' योग्य तो म्हणजे कोणता? याला मी आजी-पद्धत म्हणतो. आजीला अनारशाचं प्रमाण विचारलं की ती म्हणायची, "पिठी अंदाजानं घ्यायची, गूळ बेतानं, आणि हाताला कळतं." तिच्या हाताला कळायचं. माझ्या हाताला अजून कळलेलं नाही. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी आणि चमचा अशी मापं लिहिली, आणि ज्यांच्या घरी विचारायला आजी नव्हती अशा हजारो मुली स्वयंपाकाला लागल्या. कमलाबाईंचा हात काही अंदाज न कळणारा नव्हता. ज्याच्या हाताला कळत नाही त्याच्या जागी उभं राहून त्यांनी पुस्तक लिहिलं. माझं स्पष्ट मत आहे, की डॉक्युमेंटेशन लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला कंपनीनं लॅपटॉपबरोबर 'रुचिरा'ची एक प्रत द्यावी.

मग पहिली विनंती पाठवली. उत्तर आलं, 'रिसीव्हरचं नाव नाही.' नाव तर होतं. मी ते तीनदा तपासलं, चौथ्यांदा काकूंना दाखवलं, त्यांनाही दिसलं. पाऊण दिवस गेल्यावर उलगडा झाला. 'रिसीव्हर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कंपनीच्या माणसानं 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल केली होती. मी शुद्ध लिहिलं होतं, म्हणून चुकलं. याच शब्दासाठी सहावीत मी छडी खाल्ली होती. गुरुजींचे उपकार पहिल्यांदाच नडले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता, तेव्हा 'हे पाहुणे अमुक ठिकाणाहून आलेत' असं ब्राउझर ज्या रकान्यात लिहितो, त्याचं नाव 'रेफरर'. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या रीतीनं बोलतात तिला एचटीटीपी म्हणतात; १९९६ साली एचटीटीपी १.० चं टिपण निघालं, त्यात या शब्दातला एक 'आर' गळालेला आहे. कुणाच्या लक्षात येईपर्यंत इतक्या प्रोग्रामांनी तो तसाच उचलला होता, की सुधारणं अशक्य झालं. तेव्हापासून जगभरचे ब्राउझर तो शब्द मुद्दाम चुकीचा लिहितात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. हसलो होतो, एवढं ध्यानात ठेवा.

एचटीटीपीतल्या उत्तरांना क्रमांक असतात, आणि ते ठरवणाऱ्यांनी जुन्या वाड्याच्या मालकाची शिकवणी लावली असावी असं मला नेहमी वाटतं. ४०१: कोण तुम्ही? ४०३: कोण ते कळलं, तरी आत येता येणार नाही. ४०४: इथे असं काही नाही. ४२९: किती वेळा कडी वाजवाल? ५००: आमच्याच घरात गोंधळ चाललाय, नंतर बघू. एक ४१८ सुद्धा आहे: 'मी चहाची किटली आहे.' १ एप्रिल १९९८ रोजी लॅरी मॅसिंटर यांनी इंटरनेटवरून कॉफीयंत्र चालवायचे नियम थट्टेनं लिहिले, त्यात किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिनं हे बाणेदार उत्तर द्यावं अशी तरतूद केली. २०१७ साली तो क्रमांक काढून टाकायची भाषा झाली, तर लोकांनी एवढा गलका केला की तो राहिला. उत्तरं उद्धट असतील, पण प्रत्येकातून काहीतरी कळतं. किटली निदान किटली असल्याचं कबूल करते.

आमच्या कुरिअरवाल्यांनी असा कुठलाच क्रमांक कधी दिला नाही. त्यांचं उत्तर कायम २००, म्हणजे 'झालं'. आत उघडून पाहावं तर लिहिलेलं, 'स्थिती: अयशस्वी. कारण: काहीतरी चुकलं.' हे शिंप्याचं 'झालंय' आहे. "झालंय, फक्त काजं-बटणं राहिलीत," असं शिंपी ज्या दिवशी सांगतो, त्या दिवशी कापडाला कात्रीही लागलेली नसते. शिंप्याच्या दुकानात आपण कापड डोळ्यांनी बघू तरी शकतो. इथे मी त्या 'झालं'वर विसंबून काकूंना "झालं" म्हणालो, त्यांनी बेसन भाजायला घेतलं, आणि संध्याकाळी कळलं की एकही बुकिंग झालेलं नाही.

सरावासाठी कंपन्या सँडबॉक्स देतात. मी त्याला भातुकली म्हणतो. या भातुकलीत सगळी पुडकी दिल्लीच्या ११०००१ मधून निघून ११०००१ मध्येच पोहोचायची आणि बुकिंग केल्याच्या पुढच्या सेकंदाला 'मिळालं' असा निरोप यायचा. कोथरूडचा ४११०३८ टाकला की भातुकली रुसून बसायची. म्हणून मी खऱ्या दारात गेलो, आणि तिथे न्यू जर्सीचं प्रकरण निघालं. त्या राज्यातले पिनकोड शून्यानं सुरू होतात. एडिसन गावाचा ०८८१७. कंपनीचा प्रोग्राम पिनकोडला संख्या समजायचा, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते हे तिसरीतच शिकवलेलं असल्यामुळे तो शून्य उडवायचा. मग उरलेले चार आकडे बघून 'पिनकोड अपुरा' म्हणून मलाच परत करायचा. कॅलिफोर्नियातल्या जावयांना फराळ जात होता. न्यू जर्सीतल्यांना नाही. ही बातमी गल्लीत फुटली असती, तर घराघरांत भांडणं लागली असती.

पहाटे साडेपाचच्या आत आलेली ऑर्डर आदल्या तारखेची ठरायची, कारण सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं. ते असो. त्यावर वेळ घालवत नाही, त्यावर आधीच दोन दिवस घालवलेत.

मदतीसाठी ईमेलचा पत्ता होता. तिथे लिहिलं की टिकीट क्रमांक मिळतो, दोन दिवसांनी 'कृपया डॉक्युमेंटेशन पाहावे' असं उत्तर येतं आणि तिसऱ्या दिवशी 'आपली अडचण दूर झाली आहे, आम्हाला पाच तारे द्या'. खरी मदत व्हॉट्सअॅपवर होती. याच कुरिअरनं गांजलेल्या लोकांनी आपसात एक ग्रुप काढला होता. त्यात दिवसाला चाळीस वेळा 'सेम इश्यू' असं लिहिलेलं दिसे, आणि मन शांत होई. इचलकरंजीचा एक साड्या विकणारा मुलगा होता, कॉलेजात प्रोग्रामिंगच्या एका तासालाही न बसलेला. त्यानं सांगितलं, "दादा, शून्याच्या आधी एक उभं अवतरणचिन्ह ठोका. चालतंय." ठोकलं. चाललं. चौसष्ट पानांत ते नव्हतं.

त्याच ग्रुपवरून आतल्या एका प्रोग्रामरचा नंबर मिळाला. बिचारा फार भला मुलगा. म्हणाला, "सर, ते कागदावरचं सोडा, ते जुनं झालं. आता तसं कुणी करत नाही."

"मग कसं करतात?"

"ते सगळ्यांना माहीतच आहे ना."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

थोडा विचार करून म्हणाला, "आम्हा चौघांना."

चूक त्याची नव्हती. दस्तऐवज लिहायला त्यांच्यातल्या कुणाला कधी वेळच दिला गेला नव्हता. कंपनीत नवा उमेदवार रुजू झाला आणि त्याला काम काय द्यावं हे सुचलं नाही, की त्याला डॉक्युमेंटेशन लिहायला बसवायचे. म्हणजे चिंच कधीही न पाहिलेल्या माणसानं चिंचेपासचा पत्ता लिहायचा.

काकूंचं इंटिग्रेशन वसुबारसेला सुरू झालं. परदेशची पुडकी तोवर निघून गेलेली होती. काकूंनी रात्री जागून सगळे पत्ते हातानंच लिहिले. मला म्हणाल्या, "राहू दे रे, पुढच्या वर्षी कामाला येईल," आणि चिवड्याचा डबा दिला. त्या डब्यानं मला जेवढं लाजवलं, तेवढं कुठल्याही एररनं लाजवलेलं नाही.

हे सगळं टाळता येतं का? येतं. पैसे भरण्याची सोय देणारी स्ट्राइप ही कंपनी काढणारे पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे आयर्लंडचे भाऊ सुरुवातीला काय करत, ते पॉल ग्रॅहम यांनी २०१३ साली लिहून ठेवलंय. कुणी "बघतो वापरून" म्हणालं, की बाकीचे लोक लिंक पाठवतो म्हणून निघून जातात. हे दोघे म्हणत, "बरं, लॅपटॉप दे इकडे," आणि तिथल्या तिथे जोडून देत. यात गिऱ्हाईक पटवणं होतंच. पण दर खेपेला परक्याच्या लॅपटॉपवर आपली वस्तू कुठे अडते हेही त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असणार. हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. चांगल्या कंपन्या आता एक गोष्ट घड्याळ लावून मोजतात: नवखा माणूस आल्यापासून त्याचं पहिलं काम यशस्वी व्हायला किती मिनिटं लागली. १९७८ साली कर्निघन आणि रिची यांच्या 'सी' भाषेच्या पुस्तकात पहिला प्रोग्राम फक्त जगाला हॅलो म्हणतो. त्याचा उपयोग काही नाही; पण तो चालला की माणसाला वाटतं, आपल्याला जमेल. त्या हॅलोपर्यंत पोहोचायला आमच्या कुरिअरवाल्यांकडे अकरा दिवस लागले.

खाणावळीची पारख करायची तर मालक दुपारी कुठे जेवतो ते बघावं. जी कंपनी स्वतःची कामं स्वतःच्याच एपीआयमधून करते, तिच्या आमटीत मीठ बरोबर असतं. आणि आदर्शच हवा असेल तर आमच्या भाजीवाल्या मावशींकडे बघा. यूपीआय २०१६ साली आलं. त्यामागे बँकांनी किती खस्ता खाल्ल्या असतील त्या असोत. मावशींनी वजनकाट्याला एक स्टिकर चिकटवला आणि त्यांचं इंटिग्रेशन संपलं. चौसष्ट पानं नाहीत, किल्ली नाही, व्हॉल्यूम किती हे विचारणारा नाही.

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आणि लेख इथेच थांबवला असता तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण माझीही एक वस्तू बाजारात आहे. हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या करणारं छोटं ॲप. हिशेबाची सॉफ्टवेअरं विकणारे लोक ते आपल्याला जोडून घेतात. त्याचं डॉक्युमेंटेशन मी स्वतः लिहिलंय, अवघी सहा पानं, आणि मला त्याचा अभिमान होता. दिवाळीनंतर सांगलीहून एका मुलीचा फोन आला. नोकरीला लागून तिला तीन महिने झाले होते.

"सर, पान दोनवर लिहिलंय, 'नेहमीप्रमाणे टोकन घ्या'."

"हो, मग?"

"सर, मी पहिल्यांदाच आलेय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. चिंच माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, हिरवीगार, आकड्यांनी लगडलेली.

मग मी तिला एक विनंती केली. स्क्रीन दाखवत तू हे सगळं माझ्यासमोर कर, मी एक शब्द बोलणार नाही. कॉलिसन बंधू लॅपटॉप मागून घेत. मी नुसतं बघायचं ठरवलं. पन्नास मिनिटं बसलो. तुम्ही बनवलेली वस्तू कुणी चाचपडत वापरतंय आणि तुम्हाला बोलायची बंदी आहे, ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही, ती असायला हवी. बटण उजवीकडे वर होतं. ती डावीकडे शोधत होती. मी माइक बंद करून "वर! अगं वर! उजवीकडे!" असा ओरडत होतो. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "मॅच आहे का रे?" विसाव्या मिनिटाला माझ्याच प्रोग्रामनं तिला उत्तर दिलं, 'काहीतरी चुकलं.' मी माइक बंदच ठेवला. ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती कुठे कुठे अडखळली त्याची यादी तिनं दुसऱ्या दिवशी पाठवली, सदतीस कलमांची. पहिलं कलम: 'नेहमीप्रमाणे' हा शब्द काढावा. नववं: तारीख आधी की महिना आधी ते ठरवावं. बाविसावं: 'काहीतरी' म्हणजे काय ते लिहावं. तिच्या मालकांना मी बिल पाठवणार होतो, ते फाडून तिलाच सल्लागार म्हणून पैसे पाठवले.

सदतीसपैकी छत्तीस दुरुस्त्या झाल्या आहेत. एकतिसावी होणार नाही. तिनं लिहिलं होतं, की 'मेंटेनन्स' या रकान्याचं स्पेलिंग चुकलंय. बरोबर आहे तिचं, चुकलंच आहे, सात वर्षांपासून. पण तेवढ्या काळात अकरा सॉफ्टवेअरं त्या चुकीच्या स्पेलिंगवर उभी राहिली. आज मी ते सुधारलं तर उद्या सकाळी नागपूरपासून पणजीपर्यंतच्या सोसायट्यांच्या पावत्या बंद पडतील. म्हणून आता सहा पानांची सात झाली आहेत आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत एक सूचना छापली आहे. तुम्हीही आमच्याशी जोडून घेणार असाल तर ती वाचा: मेंटेनन्सच्या स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'ई' लिहू नका, 'ए-आय' लिहा. शुद्ध लिहिलंत तर चालणार नाही.